बंद खोलीचे दार



वस्तीत संपर्कासाठी हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. घरात आगतस्वागत होते, चहा होतो, मुलांची शिक्षणे, नोकऱ्या, सोयरिकी यांवर गप्पा रंगतात. पण आतल्या एका खोलीचे दार काही उघडत नाही. आत कोण, असे विचारले तर ‘धाकटा आहे, त्याला जरा बरे नसते’ एवढेच उत्तर मिळते आणि लगेच विषय बदलतो. मधुमेह, रक्तदाब, अगदी कर्करोगाविषयीही आज मोकळेपणाने बोलणारे आपले मध्यमवर्गीय घर या एका आजाराविषयी मौन पाळते. त्या मौनामागे निर्दयपणा नसतो, भय असते. थोरलीचे लग्न अडेल, शेजारी मुलांना खेळायला पाठवणार नाहीत, चार माणसांत मान खाली जाईल. म्हणून दार लोटून घेतले जाते आणि आतल्या माणसाबरोबर सारे घरच हळूहळू कोंडले जाते.

आजचा विषय आहे तो या दाराआडच्या माणसाची बाजू मांडणाऱ्या नेतृत्वाचा. सेवा आपल्याला ठाऊक आहे. आपत्ती आली की धावून जाणे, रुग्णालयात डबा पोहोचवणे, रक्तदान करणे हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. पण ज्याला स्वतःचे दुःख सांगता येत नाही, किंबहुना ज्याने सांगितलेले कोणी खरे मानत नाही, त्याची सेवा केवळ डबा पोहोचवून होत नाही. त्याच्या वतीने बोलावे लागते, कायदेमंडळापर्यंत जावे लागते आणि प्रसंगी स्वतःच्या समाजालाही चार अप्रिय गोष्टी सुनवाव्या लागतात. हे काम आपल्या देशात ज्या संस्थांनी चिकाटीने केले, त्यांत चेन्नईच्या ‘स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन’चे, म्हणजे ‘स्कार्फ’चे, नाव फार वरचे आहे. मराठी वाचकाला ते फारसे परिचित नाही, म्हणून तिची कथा थोडी विस्ताराने पाहू.

या संस्थेच्या संस्थापक डॉ. शारदा मेनन. जन्म ५ एप्रिल १९२३, मंगळूरचा, कुटुंब मल्याळी. मद्रास मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या बंगळुरूला मनोविकारशास्त्र शिकायला गेल्या, तेव्हा स्त्रीने या शाखेकडे वळावे ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. देशातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९६१ मध्ये त्या मद्रासच्या किलपॉक मनोरुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या आणि १९७८ पर्यंत, सतरा वर्षे, त्या पदावर राहिल्या.

त्या काळचे मनोरुग्णालय म्हणजे काय, हे आजच्या पिढीला कल्पनेनेच जाणावे लागेल. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार साऱ्या अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. त्यांवर अंमल होता तो १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’चा. या इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने रुग्ण हा आधी समाजाला असलेला धोका होता आणि नंतर माणूस. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने त्याला आत टाकले जाई. बाहेर पडण्याची वाट मात्र अरुंद होती. इंग्रज गेले, पण हा कायदा गेला नाही. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्य कायदा झाला १९८७ मध्ये आणि प्रत्यक्ष लागू झाला १९९३ मध्ये. स्वतंत्र भारतात हाच कायदा चालू राहून ही दशके निघून गेली, याचा दोष इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.

किलपॉकमध्ये शारदाबाईंनी पहिली गोष्ट केली ती दार उघडण्याची. बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. क्लोरप्रोमॅझिनसारखी औषधे १९५० च्या दशकात उपलब्ध झाली होती. त्यामुळे सगळ्यांनाच आयुष्यभर कोंडून ठेवण्याचे कारण उरले नव्हते. औषध घेऊन घरी जा, महिन्याने दाखवायला या, हा साधा निरोप त्या काळात क्रांतिकारक होता. जे आत राहिले त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून रुग्णालयातच उद्योगकेंद्र उभे राहिले. दिवसभर भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसाला कामाची वेळ मिळाली की आजाराची पकड थोडी सैल होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

याच पिढीतले आणखी एक नाव येथे घेतलेच पाहिजे. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू आणि शीख रुग्ण १९५० मध्ये अमृतसरला आणले गेले. त्या अमृतसरच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या नातलगांना तेथेच येऊन राहायला सांगितले. आईने मुलाला जेवू घालावे, बापाने औषध द्यावे, डॉक्टरांनी साऱ्या घरालाच आजार समजावून सांगावा. युरोपात रुग्णाला घरापासून तोडणे हाच शतकभर उपचाराचा भाग होता, त्या काळात एका भारतीय डॉक्टरने घरच रुग्णालयात आणले. जगाला सांगावे असे आपल्याकडे काय आहे, याची यादी करणाऱ्यांनी विद्यासागरांचे तंबू त्या यादीत अवश्य घालावेत.

शारदाबाई १९७८ मध्ये निवृत्त झाल्या. आपल्याकडे एकसष्टी झाली की माणूस शाल-श्रीफळ घेऊन आरामखुर्चीत बसतो. या बाईंनी १९८४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, स्कार्फची स्थापना केली. बरोबर होत्या डॉ. आर. थारा आणि काही सहकारी. एवढी वर्षे सरकारी रुग्णालय चालवल्यावर त्यांना दिसले होते ते असे, की औषधाने भास थांबतात, संशय ओसरतो. पण गेलेली नोकरी परत येत नाही, मोडलेले लग्न जुळत नाही, शेजाऱ्यांची नजर बदलत नाही. आजार बरा झालेला माणूसही समाजाबाहेरच राहतो. त्याला परत आणायचे तर उपचार, पुनर्वसन, संशोधन आणि लोकजागृती ही चारही कामे एकाच छपराखाली हवीत.

यांतले संशोधन हे अनेकांना सेवाकार्यात परके वाटते. ‘आम्ही काम करतो, आकडे कशाला मोजायचे?’ हा प्रश्न आपल्याकडेही बैठकांतून ऐकू येतो. स्कार्फचे उत्तर मोजण्यासारखे आहे. १९८१ मध्ये मद्रासमध्ये स्किझोफ्रेनियाचा पहिलाच झटका आलेल्या ९० रुग्णांचा मागोवा घेण्यास सुरुवात झाली आणि डॉ. थारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोन दशकांहून अधिक काळ सोडला नाही. कोण बरा झाला, कोण पुन्हा आजारी पडला, कोणाचे लग्न झाले, कोण कामावर टिकला. दहा वर्षांनंतर असे दिसले, की यांतील बहुसंख्यांची लक्षणे बऱ्याच अंशी ओसरली आहेत. ‘वेड लागले म्हणजे माणूस कायमचा गेला’ या समजुतीला यापेक्षा सज्जड उत्तर कोणते? मंत्र्यापुढे बोलताना अश्रूंपेक्षा अशा वहीचा उपयोग अधिक होतो.

या वहीचाच एक धडा जरा टोचणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांतून, ज्यांत भारतातील आग्रा हे एक केंद्र होते, असा निष्कर्ष पुढे आला होता की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांपेक्षा आपल्यासारख्या देशांत अधिक चांगले सुधारतात. कारण काय, तर आपली कुटुंबव्यवस्था. आपल्या व्यासपीठांवरून अभिमानाने सांगावे असेच हे वाक्य आहे आणि ते पुष्कळदा सांगितलेही जाते. परंतु २००८ मध्ये एका शोधनिबंधात काही संशोधकांनी, ज्यांत स्वतः डॉ. थारा होत्या, हे गृहीतकच पुन्हा तपासण्याची गरज मांडली. निरनिराळ्या देशांतील अभ्यास पाहता हा फरक वाटतो तितका सरळ नाही, आणि उपचारच न मिळालेल्यांची अवस्था आपल्याकडेही बिकट आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच देशाला शाबासकी देणाऱ्या निष्कर्षावर आपणच प्रश्नचिन्ह लावायचे, याला धैर्य लागते. कुटुंब ही आपली शक्ती आहेच. मात्र ‘कुटुंब पाहून घेईल’ असे म्हणत शासनाने आणि समाजाने हात झटकले, तर तीच शक्ती पिचून जाते.

ती कशी पिचते, हे स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. स्कार्फने स्किझोफ्रेनिया झालेल्या आणि लग्न मोडलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले चित्र चेन्नईचे असले तरी ते सदाशिव पेठेतले किंवा डोंबिवलीतलेही असू शकते. मुलीचे लग्न होते. बऱ्याचदा ‘लग्न झाले की सुधारेल’ या आशेने, आजार लपवूनच. झटका येतो, सासरचे तिला माहेरी आणून सोडतात. बहुतेक जणींचा रीतसर घटस्फोट होत नाही, पोटगी मिळत नाही. नवरा मात्र अनेकदा दुसरा संसार थाटतो. आणि त्या घरांना आजाराच्या कलंकापेक्षा ‘टाकलेली’ हा कलंक अधिक बोचतो. सत्तरीतले आईबाप चाळिशीतल्या मुलीची वेणीफणी करतात, गोळ्या मोजून देतात आणि रात्री एकमेकांना न बोलता एकच प्रश्न विचारत राहतात. आपल्यामागे हिचे काय?

येथे लपवणारे माहेर आणि टाकणारे सासर, दोघांनाही बोलले पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. पण १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ‘स्किझोफ्रेनिया’ ही नुसती चिठ्ठी चिकटवून भागणार नाही. एकत्र राहणे अशक्य व्हावे इतका तो विकार तीव्र आहे, हे सिद्ध करावे लागेल. सप्तपदीचा उल्लेख भाषणांतून होतो तितका त्या वचनांचा विचार अशा वेळी होतो का, हे ज्याने त्याने आपल्या घरात डोकावून पाहावे.

आता कायद्याच्या लढ्याकडे वळू, कारण नेतृत्वाची खरी कसोटी तेथे लागली. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा तयार होत असताना, मनोविकारामुळे येणारे अपंगत्वही त्यात यावे असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत स्कार्फ होती. अपंगत्व म्हणजे डोळ्यांना दिसणारे काहीतरी, कुबडी किंवा पांढरी काठी, अशीच तेव्हाची समजूत. धडधाकट दिसणारा तरुण अपंग कसा? अखेर त्या कायद्यातील सात प्रकारांत मनोविकाराचा समावेश झाला. पण लगेच पुढची अडचण आली. हे अपंगत्व मोजायचे कसे? भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेतील समितीने, ज्यात डॉ. थारांचा मोठा वाटा होता, एक मोजपट्टी तयार केली आणि २००२ मध्ये केंद्र सरकारने ती स्वीकारली. ‘आयडियाज’ हे तिचे संक्षिप्त नाव. माणूस स्वतःची निगा कितपत राखतो, इतरांशी कसा वागतो, संवाद साधू शकतो का आणि काम करू शकतो का, या चार गोष्टींना गुण द्यायचे, आजार किती काळ आहे त्याचे गुण मिळवायचे. वीसपैकी सात गुण झाले की चाळीस टक्के अपंगत्व. हे सारे किती रुक्ष वाटते! पण याच कागदावर एखाद्या विधवा मातेच्या घरातील निवृत्तिवेतन अवलंबून असते. तरीही १९९५ च्या कायद्यातील नोकऱ्यांचे तीन टक्के आरक्षण मनोविकारग्रस्तांना लागू नव्हतेच. ते दार उघडले २०१६ च्या कायद्याने, एकवीस वर्षांनी. या क्षेत्रात उतरणाऱ्याने घड्याळ काढून ठेवावे ते यासाठी.

मधल्या काळात तामिळनाडूतच सारा देश हादरवणारी घटना घडली. ६ ऑगस्ट २००१ ची पहाट. रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खासगी वसतिस्थाने होती. त्यांपैकी एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तामिळनाडू सरकारने एरवाडीतील अशी वसतिस्थाने बंद केली.

एरवाडी म्हटले की ‘दर्गा’ या शब्दावर बोट ठेवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होईल. तो टाळावा. त्या साखळ्यांत सर्व धर्मांची माणसे होती आणि आपल्याही देवस्थानांच्या ओसऱ्यांवर बांधलेली माणसे कित्येकांनी पाहिली आहेत. दोष श्रद्धेचा नव्हता. श्रद्धेच्या आडून चाललेल्या धंद्याचा आणि उपचारांच्या अभावाचा होता. श्रद्धास्थान माणसाला धीर देते, हे शास्त्रानेही नोंदवले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी केली. तेथे औषध नव्हते, साखळी नव्हती. देवळातली साधी कामे, शांतता आणि सोबतीला घरचे माणूस. काही आठवड्यांत त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. तिरुचिरापल्लीजवळच्या गुणशीलम येथील विष्णुमंदिरातही मनोरुग्ण येऊन राहण्याची जुनी परंपरा आहे. एरवाडीनंतर तेथे मनोविकारतज्ज्ञाची देखरेख असलेले परवानाधारक केंद्र झाले. देवापुढची वात आणि डॉक्टरची गोळी यांत भांडण लावण्याची गरज नाही. चरकसंहितेने उन्मादाची लक्षणे, कारणे आणि चिकित्सा सविस्तर सांगितली आहे. त्याला आजार मानण्यात आपल्या परंपरेला कधीच संकोच नव्हता. साखळी मात्र कोणत्याच परंपरेची शोभा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिच्यावर सरळ बंदी घातली आहे. तो कायदा २०१८ मध्ये अमलात आला.

स्कार्फ शहरात थांबली नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर किनारपट्टीवर काम करताना दूरदृश्य यंत्रणेचा उपयोग ध्यानात आला. २०१० मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरू लागली. आत पडदा, कॅमेरा आणि औषधांचे कपाट. डॉक्टर बसलेले चेन्नईत, रुग्ण बसमध्ये. गावातल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले गेले. कोण झटक्यात आहे, कोणाच्या गोळ्या संपल्या, कोण महिनाभर आलेले नाही, हे त्यांना ठाऊक. या बसपेक्षा त्या मुलामुलींची मातब्बरी अधिक. डॉक्टर कितीही मोठा असला तरी बंद खोलीचे दार त्याच्यासाठी उघडत नाही. ते शेजारच्या घरातील ओळखीच्या पोरीसाठी उघडते.

शारदाबाईंना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही त्या संस्थेला चिकटून बसल्या नाहीत. संचालकपदाची धुरा डॉ. थारांनी वाहिली, पुढे ती डॉ. आर. पद्मावती यांच्याकडे आली. ५ डिसेंबर २०२१ रोजी, ९८ व्या वर्षी, शारदाबाई गेल्या. संस्थेचे काम खंडले नाही. संस्थापक गेला की कुलूप लागणाऱ्या संस्था आपल्या आसपास किती आहेत, ते मोजायला बसले तर बोटे पुरणार नाहीत.

महाराष्ट्रात ही धग पोहोचलीच नाही असे नाही. मूळ धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने निघाला आणि अतुल कुलकर्णींनी रंगवलेला त्यातला शेष पाहून कित्येक मराठी घरांत प्रथमच या विषयावर बोलणे झाले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ १९९० पासून लोकांना बोलते करीत आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून देशाच्या कानाकोपऱ्यांतील घरी पोहोचवते. त्याबद्दल त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु याच महाराष्ट्राला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे खडे बोल ऐकावे लागले, कारण मनोरुग्णालयांतील रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार चालला होता. बरा झालेला माणूस रुग्णालयात राहू नये हे योग्य. पण घर त्याला घेत नाही आणि समाजात राहण्यासाठी जी निवासगृहे उभी करण्याचे कर्तव्य २०१७ च्या कायद्याने शासनावर टाकले, ती पुरेशी नाहीत. मग त्याने जायचे कोठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या बारा राज्यांत असे आढळले, की साधारण दहांतील एका प्रौढाला उपचारांची गरज असलेला काही ना काही मनोविकार आहे आणि, आजारागणिक प्रमाण बदलत असले तरी, अशांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचारांपासून दूर आहेत. आपले राज्य फार निराळे निघेल, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

सगळ्यांनी संस्था काढाव्यात, असा याचा अर्थ नाही. संस्था काढण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. काम याहून लहान आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रुग्णाला शासकीय रुग्णालयात न्यावे लागते. म्हातारा बाप, बरोबर अस्वस्थ मुलगा, तपासणीचा ठरलेला वार, लांबलचक रांग. मुलगा मध्येच उठून चालू लागतो, लोक बघतात, बाप ओशाळतो आणि दोघे नंबर न लागताच परत येतात. पुन्हा जाण्याचे धैर्य त्याला कित्येक महिने होत नाही. त्या रांगेत त्यांच्याबरोबर उभा राहणारा, मुलाला चहा पाजून आणणारा आणि तोवर बापाचा नंबर धरून ठेवणारा एक जण लागतो. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो फिरवून देणारा एक जण लागतो. आणि पुढच्या संपर्काच्या वेळी, आतल्या खोलीतल्या धाकट्याचे नाव घेऊन, ‘तो कसा आहे?’ असे विचारणारा.